भर दुपारी सोलर इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद पडतो, दाद कुणाकडे मागायची?

गच्चीवाला

नमस्कार मंडळी.

फेब्रुवारीत घरावर ५ किलोवॅटचं सोलर बसवलं, पीएम सूर्यघर योजनेतून. ७८ हजारांचं अनुदान खात्यावर आलं, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागलं, कागदोपत्री सगळं झकास. पण एप्रिल लागल्यापासून नवीनच नाटक सुरू झालंय. सकाळी अकराच्या सुमारास इन्व्हर्टर बंद पडतो, स्क्रीनवर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज', म्हणजे लाइनचं व्होल्टेज जास्त. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, परत बंद. दुपारी अडीच-तीनपर्यंत हेच. अ‍ॅपमधला दिवसाचा आलेख डोंगरासारखा दिसायला हवा, तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. ऊन सगळ्यात कडक असतं नेमकं तेव्हाच पॅनल बसून!

व्हेंडर म्हणतो, लाइनचा प्रॉब्लेम आहे, वीज कंपनीत जा. कंपनीच्या कार्यालयात म्हणतात, इन्व्हर्टरचा प्रॉब्लेम आहे, व्हेंडरला धरा. दोघांच्या मध्ये माझा चेंडू झालाय.

घर गावाच्या कडेला आहे, डीपी (ट्रान्सफॉर्मर) दोन खांब सोडून. सिंगल फेज कनेक्शन. इन्व्हर्टर वर जिन्याच्या खोलीत, मीटर खाली फाटकाजवळ. व्हेंडर आता म्हणतोय की 'व्होल्टेजच्या मर्यादेचं सेटिंग वाढवून देतो, मग ट्रिप होणार (बंद पडणार) नाही'. करून घेऊ का? आणि यात नियम नक्की कुणाच्या बाजूने आहे?

फुकट_फौजदार

दुपारी १ ते ४ बंद? पुण्यात तयार झालेला इन्व्हर्टर दिसतोय. पाटी लावली असेल ती नीट वाचा.

माळरान

गच्चीवाले, सेम टू सेम केस. माझ्या व्हेंडरने सेटिंग २६५ व्होल्टवर नेऊन दिलं, तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. बिनधास्त करा. कंपनीच्या पायऱ्या झिजवण्यात आयुष्य जाईल.

सुमेधा_के

थांबा थांबा. बिनधास्त अजिबात करू नका.

ती मर्यादा इन्व्हर्टरवाल्याने मनाने ठरवलेली नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे विनियम आहेत, वितरित निर्मिती ग्रिडला जोडण्याच्या तांत्रिक मानकांचे. २०१९ मध्ये त्यांत सुधारणाही झाली. त्यानुसार व्होल्टेज ८० टक्क्यांच्या खाली किंवा ११० टक्क्यांच्या वर गेलं, की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत ग्रिडपासून सुटं व्हायचं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट. गच्चीवाल्यांचा इन्व्हर्टर बिघडलेला नाही, तो नियमाप्रमाणे वागतोय.

२६५ वर सेटिंग नेलं तर ट्रिप थांबेल, पण व्होल्टेज तेवढंच राहील. किंबहुना वाढेल, कारण आता त्याला अडवणारं कुणी नाही. मग तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरातला फ्रिज, टीव्ही, पंख्याचे रेग्युलेटर, सगळे २६० खात बसतात. शेजाऱ्याकडे तर सोलरही नाही. त्याने कुणाच्या नावाने बोटं मोडायची? शिवाय इन्व्हर्टरची वॉरंटी आणि नेट मीटरिंगचा करार दोन्ही धोक्यात. मी या धंद्यात आहे, म्हणून तळमळीने सांगतेय.

माळरान

ताई, पुस्तकात सगळं बरोबर असतं. माझे महिन्याला शंभरेक युनिट बुडत होते ते कोण देणार होतं? आणि शेजारी म्हणाल तर सख्खा चुलतभाऊ आहे, त्याचा टीव्ही अजून धडधाकट आहे.

फुकट_फौजदार

भावकीत व्होल्टेज आधीच हाय असतं, १०-१२ ने काय फरक पडतोय.

तारेवरची_कसरत

वितरणात नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई असेल त्यांनी पुढे जावं.

आपली डीपी ११ केव्हीचे (११ हजार व्होल्टचे) ४३३ व्होल्ट करते. ४३३ भागिले १.७३२ करा. उत्तर येतं २५०. म्हणजे लोड नसताना डीपीच्या तोंडाशी फेज-न्यूट्रलमध्ये मुळातच २५० व्होल्ट असू शकतात. पूर्वी हे बरोबर होतं, कारण वीज एकाच दिशेने जायची. डीपीपासून शेवटच्या खांबापर्यंत जाताना १५-२० व्होल्ट गळायचे आणि शेवटच्या घराला २३० मिळायचे. आता तुमच्या छपरावरून वीज उलटी डीपीकडे यायला लागली. वीज ढकलायची तर तुमच्याकडचं व्होल्टेज लाइनपेक्षा थोडं वर असावंच लागतं. दुपारी गावात लोड नाही, माणसं कामावर, शेतीचा फीडर (सबस्टेशनहून येणारी लाइन) वेगळा. लाइन आधीच २४५-२४८ वर. तुमच्या इन्व्हर्टरला वर सरकायला जागा किती? पाच-सात व्होल्ट. तेवढ्यात २५३ लागतात आणि तो बाहेर पडतो.

पण गच्चीवाले, एक गोष्ट तुमच्या घरातही तपासा. जिन्याच्या खोलीपासून फाटकापर्यंत वायर कुठली टाकलीय आणि किती लांब आहे? मल्टिमीटर घ्या आणि व्होल्टेज मोजा: रात्री मीटरपाशी, भर दुपारी सोलर बंद करून मीटरपाशी, मग सोलर चालू ठेवून मीटरपाशी आणि लगेच इन्व्हर्टरपाशी. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, मेन स्विचच्या आउटगोइंगला मोजलं तरी चालतं. सवय नसेल तर वायरमन बोलवा. आकडे इथे टाका, मग बोलू कुणाला धरायचं ते.

वाफाळता_चहा

काका, वाचता वाचता चहा गार झाला पण ४३३ चं गणित पहिल्यांदा कळलं. धन्यवाद.

सचिव_बी_विंग

धाग्यात थोडं घुसतोय, विषय जवळचाच आहे. आमच्या सोसायटीने कॉमन मीटरवर (लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे) २० किलोवॅटचा अर्ज केला. उत्तर आलं की 'त्या ट्रान्सफॉर्मरवर क्षमता शिल्लक नाही'. असं असतं का? शेजारच्या बंगल्यांना तर धडाधड परवानग्या मिळाल्या.

सुमेधा_के

असतं. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे एका डीपीवर जोडलेल्या सगळ्या सोलरची बेरीज डीपीच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत चालते. २०१५ च्या विनियमांत हीच मर्यादा ४० टक्के होती.

बंगल्यांना पटापट मिळालं कारण १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत तशी सुधारणा केली. अर्ज पूर्ण असेल तर तो मंजूर झाला असंच धरायचं, मंजूर भार कमी पडत असेल तर तोही वाढवून द्यायचा. ५ किलोवॅटपर्यंतच्या जोडणीसाठी लाइन-डीपी मजबूत करायची झाली तर खर्च वितरण कंपनीचा. तुमचा अर्ज २० चा, म्हणून तपासणीत गेला. तिथेही मुदत १५ दिवसांची आहे.

तुम्ही लेखी मागा: डीपीचा केव्हीए (क्षमता) किती, त्यावर आजवर मंजूर सोलर किती. 'क्षमता नाही' हे तोंडी उत्तर ऐकून घरी यायचं नाही.

सचिव_बी_विंग

उत्तर तोंडीच होतं. उद्याच पत्र देतो. आमची खरी लढाई वेगळीच आहे म्हणा. सर्वात वरच्या मजल्यावरच्या सभासदांचं म्हणणं आहे की गच्ची 'त्यांच्या डोक्यावर' आहे त्यामुळे परवानगी त्यांची लागेल. तिथे त्यांची वाळवणं असतात. सर्वसाधारण सभेत दीड तास कुरडया या विषयावर चर्चा झाली.

वाफाळता_चहा

पॅनल उंच स्ट्रक्चरवर घ्या, खाली वाळवणं.

फुकट_फौजदार

सावलीत कुरडया? घरात आई आहे का तुमच्या?

बाभुळझाड

मला वेगळीच शंका. परवा वादळात दिवसभर लाइट नव्हती. डोक्यावर ३ किलोवॅटचे पॅनल, वर रणरणतं ऊन, आणि घरात पंखा बंद. मग एवढे पैसे घालून उपयोग काय? बायकोने विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

तारेवरची_कसरत

हे उत्तर वहिनींना जरूर सांगा. लाइन गेल्याबरोबर ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर बंद पडलाच पाहिजे. खांबावर आमचा माणूस चढलेला असतो. त्याने डीपी बंद केली, त्याच्या हिशेबाने तार मेलेली आहे, आणि तुमचं छप्पर त्याच तारेत २३० सोडतंय, असं होऊन चालणार नाही. जोडणीआधी ही चाचणी घेतात, मेन बंद करून इन्व्हर्टर लगेच थांबतो का ते बघतात.

खरं सांगायचं तर आम्हाला भीती सोलरची कमी आणि जनरेटरची जास्त वाटायची. लग्नघरी, दुकानात चेंजओव्हर (लाइन आणि जनरेटर वेगळे ठेवणारा स्विच) न बसवता जनरेटर सरळ बोर्डात घुसवतात. तो बंद पडत नाही, तो लाइनला मागून वीज देत राहतो.

लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागेल. तो लाइनपासून आधी सुटा होतो आणि मग फक्त घराला देतो. खर्च बराच वाढतो.

बांधावरून

आमच्याकडे उलट चित्र. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीसाठी घरच्या पडीक जमिनीतली पाच एकर भाड्याने दिली. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दर वर्षी ३ टक्के वाढ. प्लांट सबस्टेशनच्या ११ केव्ही बाजूला जोडलाय, त्यावरचे शेतीचे फीडर दिवसा चालतात. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं बंद झालं. ज्याने ते केलंय त्यालाच त्याची किंमत कळेल, साप-विंचू काय असतात ते गच्चीवाल्यांना काय माहीत. 🙂

फक्त एक आहे. ११ केव्ही लाइन ब्रेकडाउनला गेली की प्लांटही गप्प. पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या तोडल्या नाहीत तर दिवस दिवस जातात. पॅनल नवे कोरे, तारा आजोबांच्या काळातल्या.

रोखठोक

सगळे आपापल्या युनिटांबद्दल बोलताहेत म्हणून कडू बोलतो. बंगलेवाला दुपारी ३ रुपयांची वीज ग्रिडला देतो आणि संध्याकाळी तिच्या बदल्यात १२ रुपयांची उचलतो, युनिटला युनिट. मधल्या काळात ग्रिड त्याची फुकट बॅटरी. तारा, डीपी, रात्रीची औष्णिक वीज यांचा खर्च कुणाच्या बिलात जातो? चाळीत भाड्याने राहणाऱ्याच्या. त्याला तर गच्चीच नाही.

सुमेधा_के

मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. दुपारी गच्चीवाल्याने दिलेली वीज दोन घरं सोडून लगेच वापरली जाते, लांबून आणायची गळती वाचते. आणि तो स्थिर आकार तर भरतोच. वर्षाअखेरीस, ३१ मार्चला, शिल्लक युनिट राहिले तर त्यांना पूर्ण दर मिळत नाही, आयोगाने ठरवलेल्या कमी दराने पैसे मिळतात. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवू नका असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. वर्षाचं बिल बघा, भागाकार करा.

तुमच्या मुद्द्यावरून आयोगापुढे वाद झालेला आहेच. २०१९ च्या मसुद्यात नेट मीटरिंग आवळायचा प्रस्ताव होता, जोरदार विरोध झाला आणि अंतिम विनियमांत नेट मीटरिंग टिकलं. २०२० च्या दर आदेशात आयोगाने सांगितलं की राज्यात छतावरचं सोलर ५,००० मेगावॅट होईपर्यंत ग्रिड सपोर्ट आकार (सोलरवाल्यांकडून ग्रिडच्या वापराचे पैसे) लावणार नाही. म्हणजे कधीतरी तो विषय परत येणार हे नक्की.

रोखठोक

म्हणजे आधी घाईने बसवणाऱ्यांची चांदी. माझं म्हणणं तेच आहे. चाळवाल्याला त्याच्या नावाने कुठेतरी लांब बसवलेल्या पॅनलमधला वाटा का देत नाही? दिल्लीत व्हर्च्युअल नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून आहेत.

राइनकाठी

जर्मनीत भाडेकरूंसाठी बाल्कनी सोलर आहे. दोन-चार पॅनल कठड्याला बांधायचे, छोटा इन्व्हर्टर, प्लग सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मे २०२४ पासून ८०० वॅटपर्यंत परवानगी आहे, ऑनलाइन नोंदणी केली की झालं. उरलेली वीज ग्रिडला फुकट जाते, पण निदान दिवसा फ्रिज आणि राउटर त्यावर चालतात. फेब्रुवारी २०२५ च्या कायद्यापासून नव्या छतवाल्यांना, बाजारात विजेचा भाव शून्याखाली गेला तर त्या तासांचे पैसे मिळत नाहीत. दुपारी वीज उतू जाते हा प्रॉब्लेम तिकडचा-इकडचा एकच.

दक्षिणायन

अ‍ॅडलेडहून. आमच्याकडे २०२० पासून नव्या सोलरला दुरून बंद करायची सोय सक्तीची आहे. ग्रिड अडचणीत आलं की तुमचं छप्पर तिकडून बंद. लोक चिडले, सवय झाली.

गच्चीवाल्यांच्या उपयोगाचं सांगतो. इथल्या इन्व्हर्टरमध्ये व्होल्ट-वॅट आणि व्होल्ट-व्हार ही दोन फंक्शन चालू असणं बंधनकारक आहे. व्होल्टेज वाढायला लागलं की इन्व्हर्टर एकदम बंद पडत नाही, हळूहळू उत्पादन कमी करतो. पाचाच्या जागी साडेतीन किलोवॅट देत राहतो. शून्यापेक्षा बरं. तिकडच्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्येही ही सोय असते, बंद ठेवलेली असते.

रवळनाथ_प्रसन्न

गोंयात नियम जेईआरसीचे (संयुक्त वीज नियामक आयोगाचे), पण इन्व्हर्टर दुपारी निजतो तो मात्र सेम. फौजदार, पुण्याआधी आमचो मान.

फुकट_फौजदार

मान्य. पाटी न लावता झोपणारे तुम्हीच.

गच्चीवाला

काका, आकडे आणले. वायरमनला घेऊन मोजले.

रात्री नऊला मीटरपाशी २३८. दुपारी साडेबाराला सोलर बंद करून मीटरपाशी २४६. सोलर चालू केल्यावर मीटरपाशी २४९, आणि त्याच वेळी वर इन्व्हर्टरपाशी २५५. मग लगेच ट्रिप. वायर ४ स्क्वेअर मिमी कॉपर, भिंतीवरून फिरवत आणल्यामुळे लांबी ३० मीटर भरली.

तारेवरची_कसरत

शाब्बास. आता दोघांनाही धरता येतं.

५ किलोवॅट म्हणजे सिंगल फेजवर २२ अँपिअर. ४ स्क्वेअरची वायर ३० मीटर जाऊन ३० मीटर परत, मिळून ६० मीटर. त्यात सहा व्होल्ट पडतात. तुमच्या मोजणीतही बरोबर सहाच आहेत. पंप किंवा गिझर असता तर हे सहा व्होल्ट कुणाच्या लक्षातही आले नसते, इथे ते उलटे वर चढतात. १० स्क्वेअरची वायर टाकली तर अडीचच्या आत येतील. हे काम व्हेंडरचं. त्याला हे आकडे दाखवा.

दुसरं, सोलर बंद असताना मीटरपाशी २४६. लो टेन्शनला (घरगुती पुरवठ्याच्या लाइनला) व्होल्टेज ६ टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली जाता कामा नये, म्हणजे २४३.८ ची कमाल. तुमचं सोलर नसतं तरी हे व्होल्टेज मर्यादेबाहेर आहे. ही जबाबदारी कंपनीची, इथे इन्व्हर्टरचा विषयच येत नाही. तक्रारीत 'सोलर ट्रिप होतंय' असं लिहूच नका. 'सोलर बंद असताना दुपारी साडेबाराला मीटरपाशी २४६ व्होल्ट, मर्यादा २४३.८' असं लिहा, फोटो जोडा, पोच घ्या. डीपी मोठी असेल तर तिला टॅप (व्होल्टेज पायरीने वर-खाली करायची सोय) असतो, एक पायरी खाली घेतली की अडीच टक्के, म्हणजे सहा व्होल्ट उतरतात. लाइन बंद करून करायचं अर्ध्या तासाचं काम आहे. छोट्या डीपींना बहुतेक टॅप नसतोच, मग फेजवरचा लोड आणि सोलर वाटून घ्यावे लागतात. सगळे नवे सोलरवाले एकाच फेजवर चढवलेत असं मी बऱ्याच गावांत पाहिलंय.

ऐकलं नाही तर कंपनीचा अंतर्गत तक्रार कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्यावर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही.

माळरान

काका, टॅप खाली घेतला तर संध्याकाळी शेवटच्या खांबावरच्या माणसाला २१० मिळेल त्याचं काय? तो बोंबलत येईल.

तारेवरची_कसरत

बरोबर प्रश्न. म्हणूनच टॅप बदलण्याआधी संध्याकाळी पीकला शेवटच्या खांबावर मोजायचं. तिथे आत्ताच २२०च्या खाली असेल तर टॅपला हात लावायचा नाही, खालची तार जाड करायची किंवा मधे नवी डीपी द्यायची. पैसे लागतात, म्हणून ते टळतं. आणि माळरान, तुमचं २६५ चं सेटिंग त्या शेवटच्या खांबाला काही मदत करत नाही.

माळरान

ते कळलं. पण मग अ‍ॅपमध्ये दिवसभराचं कमाल व्होल्टेज कुठे दिसतं ते सांगा. बघतो माझ्याकडे किती चढतंय ते.

गच्चीवाला

व्हेंडर आधी गुरगुरला, मग सुमेधाताईंनी सांगितलेलं वॉरंटीचं बोललो तेव्हा निम्म्या खर्चावर १० स्क्वेअरची वायर टाकून द्यायला तयार झाला. टाकली. आता इन्व्हर्टरपाशी २५१-२५२ दिसतात, ट्रिप दिवसाला एखाद-दुसरी. व्होल्ट-वॅट फंक्शन मेनूत आहे, पण इन्स्टॉलरचा पासवर्ड मागतंय. तक्रार दिली, पोच मिळाली. डीपी २०० केव्हीएची आहे, टॅप आहे. 'पुढच्या आउटेजला बघू' म्हणालेत.

माळरान, माझ्या अ‍ॅपमध्ये 'डिव्हाइस'मध्ये जाऊन 'एसी व्होल्टेज' निवडलं की दिवसाचा आलेख येतो.

माळरान

सापडलं. २६१. बारा वाजून दहा मिनिटांनी.

सुमेधा_के

चुलतभावाच्या टीव्हीची वॉरंटी किती उरलीय?

सचिव_बी_विंग

आमचंही अपडेट. लेखी उत्तर आलं: डीपी ३१५ केव्हीए, मंजूर सोलर १३८ किलोवॅट. ७० टक्के म्हणजे २२० होतात ना? माझं गणित बरोबर असेल तर आमचे २० बसतात. कुणीतरी तपासून सांगा, रविवारी सभा आहे आणि अजेंड्यावर पहिला विषय अजूनही कुरडयाच आहे.